डोळ्याआडचे बेणे

आडसालीच्या फडात नोव्हेंबरमध्ये रुपेरी तुरे डोलू लागले की रस्त्याने जाणाऱ्याला ते देखणे वाटतात आणि मालकाच्या कपाळाला आठी पडते. ऑगस्ट-सप्टेंबरात दिवस आखडत साडेबारा तासांच्या आसपास आला, हवा दमट आणि रात्री उबदार राहिल्या, की पुरेशा वयाच्या उसाचा शेंडा पाने काढायचे थांबवतो आणि फुलोरा घडवायला घेतो. एकदा ही वाट धरली की परत फिरणे नाही. नवी पेरे बनत नाहीत, उंची थांबते, तोड लांबली तर कांड्याला दशी पडते, बाजूच्या डोळ्यांतून पांगशा फुटतात आणि साठवलेली साखर त्यांच्या पोषणात खर्ची पडते. तुरा म्हणजे नुकसान, हे शेतकऱ्याचे गणित बरोबरच आहे. पण उसाच्या बाजूने पाहिले तर दोन वेगळ्या कुळांचे गुण एकत्र येऊन तिसरेच काही जन्माला येण्याची संधी त्याला फक्त या तुऱ्यात मिळते. एरवी ऊस स्वतःचीच नक्कल करत राहतो, आणि ती नक्कल आपण कोयत्याने करून देतो. कोल्हापूर जिल्ह्याचे अर्थकारण, राजकारण आणि बरेचसे समाजकारण या नकलेवर उभे आहे. तरी ती नक्कल कशाची, कुठून आलेली आणि किती रानांत पसरलेली, हे कोणी जाहीरपणे मांडत नाही. दराचा हिशेब आपण रुपयापर्यंत करतो, वजनाचा किलोपर्यंत, उताऱ्याचा दशांशापर्यंत; बेण्याचा हिशेब मात्र शेजाऱ्याच्या बांधाशी संपतो. माझे म्हणणे असे की बेणे हा ज्याच्या त्याच्या पसंतीचा खासगी मामला मानणे आता परवडणारे नाही. ऊस ज्या रीतीने वाढतो आणि वंश चालवतो ती पाहता बेण्याचा प्रश्न पाटाच्या पाण्यासारखा सगळ्यांचा मिळून आहे.

ही रीत पाहण्याजोगी आहे. मराठीत ऊस कोणी पेरत नाही, लावतो. गहू पेरायचा आणि ऊस लावायचा हा भेद भाषेने फार आधी टिपला आहे. टिपरीच्या प्रत्येक पेराशी एक डोळा असतो आणि तिथल्याच पट्ट्यात मुळांचे बारीक ठिपके. ओल मिळाली की त्या ठिपक्यांतून टिपरीची मुळे सुटतात, डोळा फुगतो, कोंब वर येतो आणि पहिले काही आठवडे टिपरीतल्या शिदोरीवर जगतो. मग त्याला स्वतःची जाड पांढरी मुळे येतात आणि टिपरीचे काम संपते. जमिनीखालच्या आखूड पेरांवरही डोळे असतात. त्यांतून फुटवे येतात आणि फुटव्यांच्या बुडातून आणखी फुटवे. जेठा कोंब मोडायची आपल्याकडे जी पद्धत आहे, तिच्यामागे पक्के शरीरशास्त्र आहे. शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन नावाचे संप्रेरक खाली उतरते आणि खालच्या डोळ्यांना झोपवून ठेवते. जेठा गेला की तो धाक सुटतो आणि फुटव्यांना जोर येतो. खोडवा याच नियमावर चालतो. तोडीनंतर बुडख्यातले डोळे जागे होतात आणि लागणीचा खर्च वाचतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत हाच नियम उलट्या बाजूने दिसला. पोंग्यात गाळ जाऊन ज्या उसाचा शेंडा कुजला, त्याच्या उभ्या कांड्यांवर डोळे फुटले आणि शिरोळ-करवीरच्या नदीकाठी फडांचा झाडू झाला. थोडक्यात, ऊस वाढतो कसा हे या जिल्ह्याला शिकवायची गरज नाही. बाळबांधणी कधी, मोठी बांधणी कधी, उशिराचे फुटवे कुठे दाबायचे, हे इथला शेतकरी कृषी पदवीधराला समजावून सांगेल.

वाढीच्या या हुशारीत वंशाचा मुद्दा निसटला आहे. को ८६०३२ ही जात घ्या. कोईमतूरच्या ऊस पैदास संस्थेत को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांच्या संकरातून ती आली. क्रमांकातला ८६ म्हणजे १९८६ साल. महाराष्ट्रात तिची शिफारस १९९६ मध्ये झाली. तिची सुरुवात कुसळाएवढ्या एका बियाण्यातून उगवलेल्या एका रोपापासून झाली. ते रोप कांड्यांनी वाढवत वाढवत लाखो एकरांवर गेले. म्हणजे पन्हाळ्याच्या पायथ्याचा ८६०३२ आणि कृष्णाकाठचा ८६०३२ हे भाऊभाऊसुद्धा नव्हेत. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात तो एकच ऊस आहे, वेगवेगळ्या सातबाऱ्यांवर उभा असलेला. पाडेगावच्या केंद्रातून आलेल्या कोएम ०२६५ चेही तेच. लोकांनी तिला ‘दोनशे पासष्ट’ केले आणि त्या भरात २००२ साल सांगणारी पहिल्या दोन आकड्यांची जोडी मोडली. पण नाव बदलले तरी रोप तेच. कोल्हापूरच्या शिवारात आज या दोघींचे मोठे राज्य आहे. माणसाच्या भाषेत सांगायचे तर अख्खा जिल्हा दोन व्यक्तींच्या प्रकृतीवर विसंबून आहे.

यावर कोणी विचारील, मग बियाण्यापासूनच ऊस का लावू नये? तसे करता येत नाही, आणि करूही नये. आजच्या उसात शंभराहून अधिक गुणसूत्रे आहेत, ती वेगवेगळ्या पूर्वजांकडून आलेली आणि एकमेकांत गुंतलेली. एकाच तुऱ्यातली दोन बियाणी उगवली तरी एक ऊस बोटाएवढा बारीक आणि दुसरा मनगटाएवढा निघेल, एकाचा रस गोड तर दुसऱ्याचा पाणचट. हजारो रोपांतून एखादे निवडायचे, वर्षानुवर्षे पारखायचे, वेगवेगळ्या जमिनींत लावून बघायचे. एक जात शेतापर्यंत पोहोचायला बारा-चौदा वर्षे सहज जातात. हे काम केंद्रांचे. शेतकऱ्याला एकसारखे पीक हवे, आणि एकसारखेपणा नकलेतूनच येतो. म्हणून माझा आक्षेप नकलेला नाही. एकाच नकलेवर सगळा डाव लावणे आणि ती निरोगी आहे की नाही हे न पाहणे, यांना आहे.

कारण कांडीतून गुणांबरोबर दुखणीही पुढे जातात. बहुतेक पिकांत बियाणे ही एक गाळणी असते. आईच्या अंगातले पुष्कळ रोग तिथे अडतात आणि नव्या पिढीची सुरुवात बऱ्यापैकी स्वच्छ होते. टिपरीला अशी गाळणी नाही. काणी, गवताळ वाढ, मोझॅक यांची बाधा झालेला फड बेण्याला वापरला की पुढच्या फडात रोग आधी लावला जातो आणि ऊस नंतर उगवतो. खोडव्याची वाढ खुंटवणारा जिवाणू तर आणखी कपटी. त्याची ठळक लक्षणे वरून दिसत नाहीत. पेरे थोडी आखूड पडतात, वजन थोडे घटते, आणि तोच कोयता पुढच्या फडात गेला की जिवाणूही जातो. ‘जात जुनी झाली, आता पहिल्यासारखी चालत नाही’ हे वाक्य गावोगाव ऐकू येते. बहुतेक वेळा जात म्हातारी झालेली नसते, बेणे आजारी असते. त्यावर उपायही जुनाच आहे. ५४ अंश सेल्सिअसला अडीच तास बाष्पयुक्त उष्ण हवेची प्रक्रिया, त्यातून मूलभूत बेणे, त्यापासून पायाभूत, मग प्रमाणित, आणि दर तीन-चार वर्षांनी बेणेबदल. हे प्रत्येक कृषी दिनदर्शिकेत छापलेले असते. दिनदर्शिका भिंतीवरच राहते, हा भाग वेगळा.

नकलेवर उभ्या शेतीचे काय होऊ शकते हे उसानेच एकदा दाखवून दिले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जावा बेटावरच्या मळ्यांत एक रोग पसरला. उसाची पेरे वाढेनात, नुसता झुडुपासारखा झुबका होई. तिथल्या लोकांनी त्याला ‘सेरेह’ म्हटले, म्हणजे गवती चहा. डोंगरावरच्या निरोगी मळ्यांतून बेणे आणून लावणे हा एक इलाज चालला, पण तो दर खेपेला करावा लागे. शतकानुशतके कांडी लावल्याने ऊस बी धरण्याची शक्तीच गमावून बसला, असा तोवर समज होता. १८८७ मध्ये जावात आणि १८८८ मध्ये बार्बाडोसमध्ये उसाची बियाणी उगवून दाखवली गेली आणि तो समज गळून पडला. आपल्याकडे १९१२ मध्ये कोईमतूरला केंद्र निघाले. चार्ल्स बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी गोड, जाड पण नाजूक उसाचा संकर काश या नदीकाठच्या चिवट रानगवताशी लावला. त्यातून निघालेली को २०५ ही जात १९१८ मध्ये उत्तर भारतात गेली आणि साखरेचा नकाशा बदलला. शरदात पांढऱ्या तुऱ्यांनी नदीकाठ भरून टाकणाऱ्या, गुरांखेरीज कोणी ढुंकून न पाहणाऱ्या त्या गवताचे रक्त आज प्रत्येक कारखान्याच्या गव्हाणीत पडते. कोल्हापूरला तर हे सारे घराशेजारी आहे. आजरा-चंदगड ओलांडून घाटमाथ्यावर आंबोलीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचे पैदास केंद्र आहे, कारण तिथल्या दमट हवेत उसाला तुरा चांगला येतो. खाली ज्या तुऱ्याला शेतकरी नाक मुरडतो, तोच वर जपला जातो.

जावा लांब आणि काळ जुना, असे म्हणणाऱ्यांनी उत्तर प्रदेश पाहावा. ऊस पैदास संस्थेच्या कर्नाल केंद्रात डॉ. बक्षी राम यांनी काढलेली को ०२३८ ही जात २००९ मध्ये प्रसारित झाली. उत्पादन जास्त आणि साखरही लवकर, त्यामुळे शेतकरी आणि कारखाने दोघेही खूश. दहा-बारा वर्षांत तिथल्या उसापैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक क्षेत्र या एका जातीखाली गेले. मग लाल कूज, म्हणजे रेड रॉट, या बुरशीला तिच्यात शिरायची वाट सापडली. एका उसात सापडली म्हणजे सगळ्यांत सापडली, कारण सगळे एकच होते. रोग टिपरीतून फिरला, पाण्यातून फिरला आणि जी जात मुकुटासारखी मिरवली होती ती काढून टाका म्हणून सरकारी यंत्रणेला शेतकऱ्यांच्या मागे लागावे लागले. यात जातीला दोष देता येणार नाही, तिने कबूल केलेले सगळे दिले होते. चूक झाली ती तिच्या यशावर कोणी मर्यादा न घालण्यात.

इथे पहिली हरकत येते. महाराष्ट्रात लाल कुजीचा उपद्रव उत्तरेइतका कधीच नव्हता, आणि ८६०३२ पंचवीस-तीस वर्षे उभी आहे. मग भीती कशाची? ही हरकत खोटी नाही. इथली हवा, जमीन आणि निचरा त्या बुरशीला तितके मानवत नाहीत, आणि ८६०३२ खरोखरच दणकट निघाली. पण आजवर विमा वापरावा लागला नाही म्हणून हप्ता बुडवायचा, असा हा युक्तिवाद होतो. को ७४० चेही एके काळी दक्षिण महाराष्ट्रात असेच राज्य होते, ते गेलेच. रोग बाहेरूनही येतात. २००२ मध्ये सांगलीच्या बाजूला लोकरी मावा दिसला आणि बघता बघता नदीकाठचे फड पांढरे झाले. तोही नकलेचाच खेळ होता, कारण माव्याची मादी नराशिवाय पिल्ले घालते. त्याला शेवटी डिफा, मायक्रोमस यांसारख्या मित्रकीटकांनी आवरले. प्रत्येक शत्रूला असा मित्र वेळेवर भेटेल, असे कोणी लिहून दिलेले नाही.

दुसरी हरकत रोपवाटिकांची. आता टिपरी कोण लावतो, एक डोळ्याची रोपे मिळतात, ऊतिसंवर्धनाचीही मिळतात. प्रश्न सुटला की. रोपांचे फायदे खरे आहेत. बेणे थोडे लागते, नांग्या पडत नाहीत, लागण एकसारखी होते. पण ट्रेमधले रोप हे शेवटी कुठल्या तरी उसाचा डोळाच आहे. ज्या फडातून तो काढला त्या फडाची प्रकृती काय होती, हे कोकोपीट सांगत नाही. उलट एका आजारी फडाचे डोळे आता एका ट्रकमधून तीन तालुक्यांत पोहोचू शकतात, सीमेपलीकडे निपाणी-चिकोडीकडेही. ऊतिसंवर्धनाची गोष्ट वेगळी. शेंड्याच्या अगदी टोकाचा ऊतीचा कण घेऊन वाढवलेले रोप बऱ्याच विषाणूंपासून मुक्त करता येते, म्हणून मूलभूत बेण्यासाठी ते उत्तमच. पण त्याने बेणे धुतले जाते, वंश बदलत नाही. एकाच जातीची स्वच्छ नक्कल हीसुद्धा नक्कलच, आणि उत्तर प्रदेशात बुरशी स्वच्छ-अस्वच्छ विचारत बसली नाही.

तिसरी हरकत मला सर्वांत वजनदार वाटते. शेतकऱ्याने काय लावायचे हे सांगणारे तुम्ही कोण? त्याला जे पिकते आणि विकते ते तो लावतो. बेणे राखणे आणि देणे-घेणे हा त्याचा हक्क २००१ च्या वाणसंरक्षण कायद्यानेही मानला आहे. अगदी मान्य. पण शेतकरी आज जी निवड करतो ती खरेच मोकळी आहे का, हे तपासू. रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के पायाभूत उताऱ्याशी जोडलेला आहे, आणि तो उतारा मोजला जातो कारखान्याचा सरासरी. ज्याने जास्त साखरेचा किंवा लवकर पक्व होणारा, पण टनाला हलका ऊस लावला, त्याच्या पदरात वेगळे काही पडत नाही. त्याची साखर सगळ्यांच्या सरासरीत विरघळते आणि हलक्या वजनाचा तोटा एकट्याच्या माथी. अशा व्यवस्थेत प्रत्येक शहाणा माणूस वजनाची जातच लावणार. त्यात तोडणीच्या पाळीचा धाक. दोनशे पासष्ट उशिरा पक्व होते म्हणून सुरुवातीला कित्येक कारखाने ती घ्यायला कां-कू करत, आणि शेतकरी मात्र टनेजसाठी तीच लावत राहिले. दोघेही आपापल्या जागी बरोबर. पण दोघांच्या बरोबरीतून शिवारात जे एकसुरीपण येते त्याची किंमत रोग आल्यावर दोघांनाही भरावी लागणार. काणीचा चाबकासारखा काळा शेंडा एका फडात फुटला की त्याची भुकटी वाऱ्यावर शेजारच्या रानात जाते. तिथल्या मालकाने निवड केलेली नसते. बेण्याला खासगी मामला म्हणणाऱ्यांनी या शेजाऱ्याला उत्तर द्यावे.

म्हणून बंदी, परवाने, निरीक्षक हा मार्ग नको. त्याचे या राज्यात काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. पैशाचा ओघ थोडा वळवला तरी पुरे. कारखान्यांनी आपल्या गटात लवकर पक्व होणाऱ्या जातींचा ठरावीक वाटा राखणाऱ्याला थेट फरक द्यावा. हंगामाच्या तोंडाला उतारा कमी बसतो ही कारखान्यांची दरसालची रड आहे. तो फरक त्यांच्याच पोत्यांतून भरून निघेल. प्रक्रिया केलेल्या बेण्याचे मळे गटवार असावेत, आणि त्यांतले काही तरी पूररेषेच्या वर. आडसालीची लागण जुलै-ऑगस्टात आणि पुराचा मोसमही तोच. काठावरचा बेणेमळा बुडाला की मिळेल ते बेणे लावायची पाळी येते, आणि रोगाला याहून चांगले निमंत्रण नाही. गुळाचा विचार वेगळा व्हावा. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, इथल्या ऊस व गूळ संशोधन केंद्राची को ९२००५ सारखी गुळाला मानवणारी शिफारस आहे, आणि तरी गुऱ्हाळांत बहुधा तोच ऊस येतो जो कारखान्यासाठी लावलेला असतो. साखरेच्या सावलीत वाढलेल्या उसाने गुळाचा रंग राखावा, ही अपेक्षाच गमतीची.

यासाठी नवे खाते काढायला नको. ऊस नोंदीच्या वेळी प्रत्येक कारखान्याचा चिटबॉय शेतकऱ्याकडून गट नंबर, क्षेत्र, लागणीची तारीख, लागण की खोडवा आणि जात लिहून घेतो. जातीचा रकाना आधीपासून आहे. त्याची गावनिहाय बेरीज आडसालीच्या लागणीपूर्वी, मे-जूनमध्ये, कारखान्याच्या फलकावर लागली तर आपल्या शिवारात एका जातीचा किती भरणा झाला आहे हे प्रत्येकाला लागणीआधी कळेल. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत दराच्या मागणीबरोबर ही मागणीही ठेवता येईल, आणि तिला कारखानदारांनी विरोध करावा असे तिच्यात काही नाही. त्या नोंदवहीत फक्त एक रकाना वाढवावा लागेल: बेणे कोणाच्या फडातून, कोणत्या वर्षी आणले.